काजळाची तीट

गोंडस मूल दिसलं की आत्याला राहवायचंच नाही. आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घ्यायचं, त्याच्या गालावर तीट लावायची आणि कानशिलावर बोटं मोडायची. तिला स्वतःला मूल नाही, पण रायापुरातल्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं दुपारभर तिच्याच घरात लोळायची. त्यांच्या आया निर्धास्त नोकरीला जायच्या.

मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते, त्या दिवसांत मी तिला घेऊन सुभाष रोडला गेले होते. साडीच्या दुकानात एक बाई भाव करत होती आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत बाळ हसत होतं. आत्याने तीट लावली, बोटं मोडली आणि बाळाने भोकाड पसरलं. आई गर्रकन वळली. "काय लावलंस माझ्या लेकराला?" ती कन्नडमध्ये किंचाळली. झालं! "मक्कळ कळ्ळरु!" कुणीतरी ओरडलं आणि मुलं पळवणाऱ्या बाया सापडल्या म्हणून अख्खा रस्ता धावून आला. आत्या घाबरली की मराठीतच बोलते. मग काय, टोळी महाराष्ट्रातली हेही ठरलं. एकाने तिचा पदर धरून ठेवला, दुसऱ्याने व्हिडिओ काढला. मेले!

पोलीस आले तेव्हा मला हायसं वाटलं. किती खुळी मी! चौकीत साहेबाने बाळाच्या गालावरचं काजळ रुमालाने पुसून हुंगलं. आमचा जन्म इथला, उभं आयुष्य इथं गेलं, असं मी कन्नडमध्ये घसा फोडून सांगत होते. त्याने आत्यालाच विचारलं, "स्वतःची मुलं किती?"

"नाहीत," आत्या म्हणाली.

"हं," तो म्हणाला. तेवढ्यावरून त्याला सगळं कळलं होतं!

ओळखीचे एक वकील धावत आले तेव्हा कुठे सोडलं. माफी? छे! "दुसऱ्याच्या मुलाला हात कशाला लावायचा, अक्का? चूक तुमचीच," असं वर ऐकवलं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

व्हिडिओ आमच्याआधी गल्लीत पोचला होता. "आम्हाला माहीत आहे हो, तुम्ही तशा नाही," असं एकेक आई येऊन सांगून गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून एकीनेही मूल पाठवलं नाही.

काही दिवसांनी शेजारची चिमुरडी घरच्यांचा डोळा चुकवून धावत आली आणि थेट आत्याच्या मांडीवर चढली. आत्याने तिला उचललं, दाराबाहेर ठेवलं आणि आतून कडी घातली. पोर दार बडवत रडत होती. आत्या दाराला टेकून तशीच रडत होती.

"तू पोचव तिला घरी," ती मला म्हणाली. "माझ्याजवळ कुणी पाहिली तर?"