पाणी कुठलं सोडू?

मत्स्यबीज केंद्रातल्या झडपवाल्या मामांच्या वाटेला कुणी शहाणा माणूस जात नसे. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तळ्याच्या काठावरून कुणी चपला फटफटवत गेलं की मामा ओरडलेच, "अरे, बाळंतिणीच्या खोलीतून असा चालतोस का रे?" नदीचं पाणी तळ्यात आणणाऱ्या लोखंडी झडपेचं चाक त्यांच्या ताब्यात होतं. साहेब बदलले, शिपाई बदलले, त्या चाकावरचा मामांचा हात काही हलला नाही.

हाच माणूस सकाळी दाण्याचं पातेलं घेऊन पायरीवर बसला की निराळाच होई. पातेल्यावर पळी वाजली की सगळ्यांच्या आधी थोरली यायची. थोरली म्हणजे तळ्यातली सगळ्यात म्हातारी मादी. नदी निर्मळ होती तेव्हा मामांनीच तिला जाळ्यातून उचलून आणलं होतं. तिच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं दर वर्षी नदीत सोडायची, हेच त्या केंद्राचं काम. अलीकडे मामा पिल्लं सोडून आले की जेवत नसत. "पोरी सासरी नाही धाडल्या, मसणात धाडल्या," एवढंच म्हणत.

खोटं नव्हतं ते. नदीच्या वरच्या अंगाला कारखाने उभे राहिले होते, गावोगावची गटारं तिच्यातच उतरत होती. मासे लगेच मेले नाहीत, खंगत गेले. पर कुजायचे, अंगावर फोड यायचे, लालभडक कल्ले फिकट पडून त्यांवर शेंबडासारखा चिकटा धरायचा. केंद्रावरच्या बाईंनी, म्हणजे मामांच्या साहेबांनी, एकदा मेलेल्या माशाचा कल्ला भिंगाखाली धरून त्यांना दाखवला होता. "मामा, मासा श्वास घेतो तो यातून. पाण्यातल्या विषाचा चटका बसला की हा चिकटा सुटतो, आणि मग त्यातच जीव गुदमरतो." बाई वयानं लहान, पण तळमळीच्या. वर कळवून कळवून थकल्या. कुणी तरी यायचं, बाटलीत पाणी भरून न्यायचं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एकेक करून माद्या वांझ निघाल्या. यंदा पोटात अंड्यांची गाभोळी धरली ती एकट्या थोरलीनं.

"या वयात? लाज आहे की नाही म्हातारीला!" मामी म्हणाली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. केंद्राच्याच आवारातल्या खोलीत तिचा संसार गेला होता. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. थोरलीचं कौतुक मामांइतकंच तिलाही होतं.

बाईंनी आदल्या संध्याकाळी थोरलीला अंडी सुटण्याची सुई टोचली. सकाळी पोट दाबून अंडी काढायची होती. ती फुटून पिल्लं निघाली तर नदीचा तो वंश राहणार, नाही तर संपला.

सकाळी मामी दारातूनच ओरडली, "अहो, पळा! मासे वर आलेत!"

मासे पाण्यावर तोंड काढून आ वासू लागले म्हणजे तळ्यात हवा कमी पडली. अशा वेळी झडप उघडायची, वाहतं पाणी आत घ्यायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. उस्तादाची थोबाडीत खाऊन मामा तो शिकले होते. ते धावले, चाकाला भिडले आणि गरागरा फिरवलं. पाणी धो धो आत आलं. ताज्या पाण्याकडे मासा धावतोच. सगळे झडपेच्या तोंडाशी गोळा झाले, आणि सर्वांत पुढे थोरली.

मग वास आला. फेस आला. तिच्या शेजारचा मासा उलटा झाला, त्यामागचा झाला.

"अगं आई गं!" मामांनी चाक उलटं फिरवलं. पण जायचं ते आत गेलं होतं. रात्री वर कुणी तरी घाण सोडली होती, आणि मामांनी आपल्या हातानं तिला वाट करून दिली होती. आता झडप लावावी तर हवेवाचून मरणार, उघडावी तर विषानं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मामांनी पातेल्यावर पळी वाजवायला सुरुवात केली. या गं, इकडे या, त्या तोंडापासून लांब या. थोरली आली. तिरकी तिरकी पोहत, पायरीला धडकत, पण आली.

बाई धापा टाकत पोचल्या. "बाई, मी मारलं यांना," मामा म्हणाले.

"मीसुद्धा उघडाच म्हणाले असते, मामा. आधी तिला घ्या, जीव आहे तोवर अंडी काढू."

ओल्या फडक्यात थोरलीला धरून मामांनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला. अंडी भरभरून आली, मोत्यासारखी. ताटली भरली. बाईंनी नराचं बीज मिसळलं. आता लगेच पाणी हवं होतं, पाण्याशिवाय अंडं रुजत नाही. केंद्रातली बोअर केव्हाच आटलेली.

"पाणी कुठलं सोडू, बाई?"

तेवढ्यात मामी घरातला हंडा कंबरेवर घेऊन आली. "हे घ्या. आपलं प्यायचं पाणी, स्वच्छ आहे."

बाई हळूच म्हणाल्या, "मामी, नळालाही याच नदीचं पाणी येतं. औषध टाकून जंतू मरतात. कारखान्यातलं जे असतं, ते तसंच राहतं."

"पण आपण तर हेच पितो," मामी म्हणाली.

"घाला, मामा," बाई म्हणाल्या. "दुसरं आहे काय आपल्याकडे?"

मामांनी हंडा ओतला. फडक्यातली थोरली तोवर गेली होती.

दुपारपर्यंत मामा ताटलीपाशीच बसून होते. जिवंत अंडं काचेसारखं असतं, मेलं की पांढरं पडतं. आधी कडेची पांढरी पडली, मग मधली. शेवटी सगळी ताटली पांढरी झाली.

मामीनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्याच हंड्यातला. मामांनी तो उचलला, परत खाली ठेवला. सकाळपासून घोटभर पाणी पोटात नव्हतं, घशाला कोरड पडली होती. दुसरं पाणी आणायचं तरी कुठून?

त्यांनी पेला तोंडाला लावला आणि पिऊन टाकला.