मामांच्या संगणकाचा राखणदार

जगातले यच्चयावत चोर आपापली कामं टाकून एकाच घरावर डोळा ठेवून बसले आहेत आणि ते घर भांडुपमध्ये पहिल्या मजल्यावर आहे, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. घरात चोरण्यासारखं म्हणाल तर पितळेचा एक बंब, दोन स्टीलची पिंपं आणि एक जुना संगणक. बंबाकडे मामा ढुंकूनही बघत नाहीत. सगळा जीव त्या संगणकात. उभा जन्म त्यांनी एका औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर गेटपास तपासण्यात घालवला. निवृत्तीनंतर तपासायला फाटक उरलं नाही, तेव्हा त्यांनी संगणकात काय येतं आणि काय जातं ते तपासायला घेतलं. त्यात कोण येणार होतं? हवापाण्याच्या बातम्या, वीजबिल आणि गावच्या जत्रेची आमंत्रणं. पण गेटपासशिवाय तीही आत यायची सोय नव्हती.

लोक अँटीव्हायरस विकत घेतात, मामा तो नेमतात. त्यांच्या कोकणात प्रत्येक वाडीला एक राखणदार असतो. तो कुणाला दिसत नाही, पण वेशीवर त्याची फेरी चालू असते, त्याच्या काठीचा आवाज ऐकलेलं माणूस घरटी एक तरी निघतं, आणि वर्षाकाठी नारळाचा मान त्याला पोचवावाच लागतो. संगणकाचं रक्षण करणारा, न दिसणारा, सतत फिरणारा आणि वर्षाला पैसे मागणारा असा कोणी असतो हे कळल्यावर मामांना काडीचंही नवल वाटलं नाही. ते मला घेऊन घाटकोपरच्या एका दुकानात गेले आणि काउंटरवरच्या मुलीला त्यांनी पहिला प्रश्न केला, "ह्याचो मूळ गाव खयचो?" ती म्हणाली, "काका, फॉरेनचा आहे, एकदम टॉपचा." मामांनी खोका तिथेच खाली ठेवला. "परदेशातलो राखणदार आमचो चोर कसो वळखतलो?" असं म्हणून ते माझ्याकडे वळले. मी बँकेत कारकुनी करणारा माणूस, मुलुंडला राहणारा, मूळचा साताऱ्याकडचा. पण जावई म्हटला की त्याला सगळं येतं अशी या घराची समजूत आहे, म्हणून मी मान हलवली.

मग त्यांनी महिनाभर फुकट मिळणारे अँटीव्हायरस एकेक करून ठेवून बघायला सुरुवात केली. एक फार बोलतो म्हणून गेला. एक काहीच बोलत नाही, झोपतो वाटतं, म्हणून गेला. एकाने रोजच्या पंचांगाच्या पानालाच चोर ठरवलं, त्याला तर त्याच दिवशी नारळ दिला. मधेच त्यांनी दोन चांगले एकदम नेमले. मी सांगत होतो की मामा, असं करू नका, ते एकमेकांना संशयित धरतात. तसंच झालं. दोघांनी एकमेकांच्या मुसक्या बांधल्या आणि संगणक मधल्या मधे आडवा झाला. "एका वेशीर दोन राखणदार ठेवलंय, माझीच चूक," म्हणत मामांनी टेबलासमोर दोन नारळ फोडले आणि खोबरं आम्हाला वाटलं.

आता हसायला येतं, पण त्या घरात बसून हसणं मला कधी फारसं जमलं नाही. मामी गेल्यापासून त्या खोलीचा पडदा मामा उघडत नसत. भरदुपारीसुद्धा आत संध्याकाळ असायची. मामींच्या टिकल्यांचं एक पाकीट शिल्लक होतं. त्यातली एक लाल, ठसठशीत टिकली मामांनी संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटवली होती, पलीकडून कुणी बघू नये म्हणून. अंधारात संगणकाचा पडदा उजळला की त्या टिकलीखाली एक पांढरा फटक चेहरा आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. मामा त्याच्यासमोर पाठ ताठ करून बसायचे आणि अधूनमधून त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे. काय बोलतात ते मी एकदाही कान देऊन ऐकलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

त्यातच मी त्यांना व्हीपीएनबद्दल सांगण्याचा शहाणपणा केला. आपण कुठे बसलोय हे बाहेरच्या जगापासून लपवायची ती सोय, असं समजावलं. मामांचे डोळे चमकले. "म्हणजे चकवो!" ते म्हणाले. चकवा म्हणजे माणसाला एकाच शेतात रात्रभर गोल गोल फिरवणारं भूत. "चोराक चकवो लावूचो. झकास!" मी तो चकवा लावून दिला. दुसऱ्या दिवशीपासून संगणक कुठल्याशा थंड मुलुखात गेला. भांडुपला अंगाची लाही होत असताना तो सांगे, बाहेर बर्फ पडतोय. जाहिराती कळत नसलेल्या भाषेत येऊ लागल्या. लोकरीच्या टोप्या घातलेल्या अनोळखी बायका मामांकडे बघून हसू लागल्या. एकदा मी गेलो तर मामा खिडकीचा पडदा बोटभर सारून बाहेर रस्त्यावर बघत उभे होते. "काय बघताय?" विचारलं, तर म्हणाले, "भांडुपच आसा मा?" ते थट्टा करत नव्हते.

या सगळ्यात एक रविवार आला. मामांनी नवा अँटीव्हायरस नेमला होता. याचा गुण असा, की घरातल्या वायफायवर कोण कोण आहे तेही तो बघायचा. मी चहा पीत होतो, मामा पंख्याखाली बसले होते. घरात आम्ही दोघंच, दाराला आतून कडी. तेवढ्यात संगणकाने टिंग केलं आणि एक खिडकी उघडली. मजकूर इंग्रजी होता, अर्थ असा, की तुमच्या घरात एक अनोळखी उपकरण आलं आहे.

मी म्हटलं, शेजाऱ्यांपैकी कुणाचा तरी फोन असेल. पण ते कसं शक्य होतं? त्या वायफायचा पासवर्ड या घरात किंवा शेजारी कुणालाच ठाऊक नव्हता. मामांचा फोन साधा, बटणांचा. संगणकाला त्यांनी वायरने जोडलेलं होतं, कारण हवेतून येणाऱ्या गोष्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. मला स्वतःला इतक्या वर्षांत तो पासवर्ड मिळालेला नव्हता. वायफायचा तो डबा बसवला त्यांच्या मुलीने, पासवर्ड ठेवला तिने, आणि ती चार वर्षांपूर्वी घाटकोपरच्या एका मुलाशी जातीबाहेर लग्न करून निघून गेली होती. तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नव्हता. मामांचं काय दुखलं ते मला कधी कळलं नाही. मुलगा मला तरी मामांपेक्षा शांत वाटला होता. पण त्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

थोड्या वेळाने ते उपकरण आलं तसं निघून गेलं. पुढच्या रविवारी पुन्हा आलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मामा मला खास बोलावून घेऊ लागले. आम्ही दोघं त्या अंधाऱ्या खोलीत टिकलीसमोर गुपचूप बसायचो आणि टिंग झालं की माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा. "ता काय चोरणा नाय," मामा कुजबुजत, "काय बघणा नाय. नुसता येता, बसता आणि जाता." खरंच होतं. ते काही उघडत नव्हतं, काही नेत नव्हतं. आमच्याबरोबर खोलीत कुणीतरी पाय दुमडून बसलंय आणि जायची वेळ झाली की मुकाट्याने उठतंय, असं वाटायचं. मामांनी एकदा त्या डब्यासमोर उभं राहून गाऱ्हाणंही घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या घरात न विचारता जो कोण इलो आसात, त्येचा वायट नको, पण त्येची ओळख पटव रे म्हाराजा!" आणि मला ढोसलं. मी सातारकर, बँकेतला माणूस, हात जोडून म्हणालो, "होय म्हाराजा!" मनापासून म्हणालो, खोटं कशाला सांगू.

शेवटी मीच कंटाळलो. एका रविवारी टिंग झाल्याबरोबर कडी काढली आणि चोर पकडायला जिना उतरलो. बरोबर खालच्या घरात मामींच्या मैत्रीण राहतात. त्यांचं दार उघडं होतं, आणि आत जमिनीवर पाय दुमडून, हातात चहाचा कप घेऊन मामांची मुलगी बसली होती. शेजारी तिचा फोन पडलेला. मला बघून तिचा चेहरा उतरला. "भावजी, प्लीज, बाबांना सांगू नका हां," ती म्हणाली. "मी फक्त काकूंना विचारायला येते. ते जेवतात का, बीपी कसं आहे. लगेच जाते." आपला फोन काय करतोय याचा तिला पत्ताच नव्हता. फोन मात्र विसरला नव्हता. जुन्या घराच्या खाली आला की बिचारा आपल्याआपण आत शिरत होता.

मी वर आलो. मामा त्याच जागी बसले होते. मी म्हटलं, "कोणी नाही खाली. असंच काहीतरी असेल." मामा संगणकाकडे बघतच म्हणाले, "दारात काळी चप्पल होती काय तांबडी?"

मी गॅलरीत जाऊन खाली बघितलं. गॅलरीतून काकूंच्या दारातल्या चपला दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीच मामांनी टिंग आणि चपला यांचा मेळ घातला होता. मग मला कळलं की तो बर्फाचा चकवा त्यांनी मधेच का काढून टाकला. तो चालू असला की घरातल्या उपकरणांची यादी कधीकधी कोरी दिसायची. महिना संपल्यावर हाच अँटीव्हायरस पैसे भरून कायमचा का ठेवला तेही कळलं. बाकीचे चोर पकडत होते, पण कोण आलं ते हाच एक सांगत होता. चार वर्षांचा अबोला, मधे एक जिना, आणि हा हट्टी माणूस संगणकाकडून मुलीची हजेरी घेत होता. मला त्यांचा राग आला. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "मामा, जिना उतरा की." त्यांनी फडकं घेऊन संगणक पुसायला घेतला.

असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात इंटरनेटवाल्यांनी जुने डबे काढून नवे बसवायची टूम काढली. मामांच्या घरीही एक माणूस येऊन नवा डबा ठोकून, जुना घेऊन गेला. नवा डबा, नवा पासवर्ड. त्या रविवारी मला सकाळी सकाळीच फोन आला. मी पोचलो तेव्हा मामा गॅलरी आणि संगणक यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होते. खाली चपला होत्या. पडद्यावर काही नव्हतं. पंख्याची घरघर सोडली तर खोलीत कसलाही आवाज नव्हता, आणि पहिल्यांदाच मला तिथे खरी भीती वाटली. "खाली इली हा," मामा म्हणाले, "पण घरात येणा नाय."

मी त्यांना सांगितलं, उपाय एकच. नव्या डब्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर तिचा फोन पुन्हा आपोआप आत येईल. "मगे द्या ना," ते म्हणाले. मी म्हटलं, "जुना पासवर्ड सांगा."  तो एकाच माणसाला ठाऊक होता. मामांनी नव्या डब्याच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्या फोनसाठी हात पुढे केला. मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावून त्यांच्या हातात दिला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"हां भावजी, बोला," ती म्हणाली.

मामांनी फोन दोन्ही हातांत धरला. "भावजी नाय. मी बोलतंय. त्या वायफायचो जुनो पासवर्ड काय होतो?"

 मग ती हळूच म्हणाली, "कशाला हवाय, बाबा?"

"नवीन डबो बसवलो हा. तुझो फोन घरात येणा नाय."

"माझा फोन?" ती म्हणाली. "म्हणजे… तुम्हाला दिसायचं?"

"दर आयतवारी," मामा म्हणाले.

काकूंच्या घरात भांड्याचा आवाज झाला, तो आम्हाला फोनमधूनही आला आणि खालूनही. "फोनवर नाही सांगणार," ती म्हणाली.  "पासवर्ड असा फोनवर सांगायचा नसतो ना, बाबा. मी खालीच आहे. येते."

कडी मामांनी स्वतः काढली. ती आत आली आणि थेट संगणकापाशी गेली. मी आपली नव्या डब्याची सेटिंग उघडून दिली आणि बाजूला झालो. तिने खुर्ची ओढली, हात पुढे केले, तसे मामांनी रीतीप्रमाणे तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसरा माणूस पासवर्ड टाकत असताना बघायचं नाही, एवढी सभ्यता त्यांच्याइतकी मी कुणाकडे पाहिली नाही. तिची बोटं जराही न अडखळता चालली. पर्समधला फोन थरथरला, संगणकाने टिंग केलं. "झालं, बाबा," ती म्हणाली. मामा वळले नाहीत. तिने पुन्हा एकदा हाक मारली, तरी ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते, म्हणून मग मीही दुसरीकडे बघायला लागलो.