गरम पाण्याचा चोर

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! चार माणसांत तोंड न उघडणारी मी, आणि घरातल्याच माणसावर चोरीचा संशय घेतला. तोही पाण्याच्या चोरीचा!

विज्ञान प्रदर्शनासाठी मी सौर टाकीचं मॉडेल केलं होतं. गच्चीवर काळ्या पत्र्याला बांधलेल्या नळीत पाणी तापायचं आणि एका डब्यात साठायचं. डब्याभोवती कुही गावच्या मामांनी पाठवलेला धानाचा कोंडा ठासलेला. दुपारी तीनला तापलेलं पाणी संध्याकाळी सातला किती गरम उरेल, याचं गणित मी मांडलं होतं. सर म्हणाले होते, "गणित जुळलं तरच मॉडेल प्रदर्शनात."

दर पंधरा मिनिटांनी मी पेलाभर पाणी काढायची, त्यात थर्मामीटर बुडवायची, आकडा लिहायची, ते पाणी गुलाबाला घालायची आणि नळाच्या पाण्याने डबा पुन्हा काठोकाठ भरायची. किती काटेकोर!

तरी सातला पाणी गणितापेक्षा बारा अंश थंड. सलग तीन दिवस!

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोणीतरी गरम पाणी काढून त्या जागी गार पाणी भरत होतं! कोण? काकू! रोज संध्याकाळी तिचा चेहरा इतका टवटवीत कसा?

विचारायची हिंमत कुठली? चौथ्या दिवशी मी डब्यात निळीची अख्खी पुडी ओतली. आता चोराचे हातच बोलतील!

सातला आकडा लिहून स्वयंपाकघरात गेले. काकू पोळ्या लाटत होती. मी हातांवरून नजर हलवेना.

"काहून वं, काय पाहून राहिली मघापासून?"

"काही नाही... तू गच्चीवर गेली होतीस?"

"गुडघे दुखून राहिले माझे, मी कायले चढू गच्चीवर?" काकूचं लाटणं थांबलं. "अन् तुझे हात काहून निळे झाले वं?"

मी खाली पाहिलं. मनगटापर्यंत नीळ! सोळा पेले गरम पाणी बाहेर, सोळा पेले गार पाणी आत. हिशेब तिथल्या तिथे जुळला.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग झाकणाला भोक पाडून थर्मामीटर आतच बसवायला लावला. गणित जुळलं, मॉडेल प्रदर्शनात गेलं. फक्त शेजारचं कार्ड सरांनी स्वतः सांगून माझ्याच अक्षरात लिहून घेतलं:

'टाकीतून उष्णता जाण्याचे मार्ग: एक, भिंती. दोन, झाकण. तीन, विद्यार्थिनी.'