रांगेची रंगीत तालीम

शिट्टीबाई नाकावर माशी बसू देत नसत. बसलीच असती, तर तिलाही आधी रांगेत उभं केलं असतं. आयुष्यभर त्यांनी शाळेत कवायत शिकवली. मुलं तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'शिट्टी'. निवृत्त झाल्यावर पुढचं-मागचं एक झालं आणि त्या साऱ्या गल्लीच्या शिट्टीबाई झाल्या. निरोपाच्या दिवशी शाळेनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी कपाटात कोंबलं. शिट्टी मात्र काही केल्या परत केली नाही. पितळेची, काळ्या दोरीची ती शिट्टी गळ्यातच राहिली, आणि घरात रोज सकाळी वाजू लागली. नातवंडांनी उठायचं ती एक, दात घासायचे ती दुसरी, आणि सून चहा टाकायला उशीर करी तेव्हाची तिसरी. तिसऱ्या शिट्टीला सुनेच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात आपटे. विमा कंपनीत काम करणारा मुलगा वर्तमानपत्रात डोकं घालून बसे. तो आईपुढे ब्र काढत नसे.

अशा घरानं सहलीला जायचं ठरवलं, तेही परदेशात, आणि तेही त्या अवाढव्य बागांमध्ये. बागा कसल्या, गावंच ती. उंचावरून माणसांसकट खाली कोसळणारे डबे, अंधाऱ्या बोगद्यातून धावणाऱ्या गाड्या, खोटे समुद्र आणि खोटे डोंगर. मुलानं तिथलंच एक हॉटेल पाहिलं. त्याच्या खोलीत माणसं मावत पाच. चार हे घरचे. पाचवी म्हणजे आजी.

भानगड अशी की आज्या दोन होत्या.

दुसरी आजी म्हणजे सुनेची आई. पलीकडच्या गल्लीत तिचं इस्त्रीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत ती एकटी राहायची. नवरा गेल्यावर तिनं त्याच टेबलामागे उभं राहून मुलीला वाढवलं. अंगानं थोराड, एका पायाला कायम क्रेपची पट्टी, आणि आवाज असा की हळू बोलली तरी रस्त्यापलीकडचं माणूस 'काय?' म्हणून वळून बघे. नातवंडं तिला इस्त्रीआजी म्हणत. शिट्टीबाई मनातल्या मनात तिला 'रोडरोलर' म्हणत, आणि खरं सांगायचं तर नेहमी मनातल्या मनातच म्हणत असं नाही. लग्नापासून या दोन विहिणींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

सुनेनं एकदाच सांगितलं, "माझी आई कधी कुठे गेली नाही. तिला नेऊ."

मुलानं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि जाहिरातींचं पान उघडलं.

बोलण्यात फुशारकी असली तरी शिट्टीबाई मनातून घाबरल्या होत्या, हे सांगून टाकलेलं बरं. त्यांना त्या कोसळणाऱ्या डब्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना भीती होती ती मागे राहण्याची. किल्ल्या सांभाळणारी, कुंड्यांना पाणी घालणारी, 'पोचलो गं' असा फोन येईपर्यंत ताटकळणारी म्हातारी त्यांनी घरोघरी पाहिली होती. एकदा माणूस तसं मागे राहिलं की पुढे प्रत्येक वेळी त्यालाच मागे ठेवतात. त्याला कोणी विचारतसुद्धा नाही.

म्हणून त्यांनी बेताचा ताबाच घेतला. जेवणाच्या टेबलावर बागेचा नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि थोरल्या नातवाच्या रंगपेट्या जप्त केल्या. फाटक उघडायच्या आधी हजर राहायचं. आत शिरल्यावर सगळं जग पहिल्या पाळण्याकडे धावतं, आपण सरळ टोकाला जायचं आणि उलटं येत राहायचं. डबा पाठीवर. रडणाऱ्याला एकदा समज, दुसऱ्यांदा हॉटेल. धाकटी नात म्हणाली, "आजी, आपण मजा कधी करायची?" शिट्टीबाईंनी नकाशात पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवणानंतर."

तेव्हाच सून फोनवर काहीतरी वाचत म्हणाली, "तिथं म्हणे एकेका पाळण्यासाठी दीड-दीड तास रांगेत उभं राहावं लागतं."

शिट्टीबाईंचे डोळे चमकले. आयतं कोलीत हाती आलं.

"मग परीक्षा घेऊ," त्या म्हणाल्या. "रविवारी, खाली आवारात. पाठीवर पिशवी, भर उन्हात. बसायचं नाही, टेकायचं नाही, रांग सोडायची नाही. सोडली की बाद. जी आजी टिकेल ती जाईल. उगीच परक्या मुलखात कोणाला उचलून आणायची वेळ नको." 'उचलून' म्हणताना त्यांनी हात असे रुंद पसरले की कोणाबद्दल चाललंय हे कुंडीतल्या तुळतुळीत रबराच्या झाडालाही कळलं असतं.

सून संतापली. "आईचा पाय माहितीये तुम्हाला."

"म्हणून तर परीक्षा," शिट्टीबाई म्हणाल्या.

मुलानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "चालेल," तो म्हणाला. तो इतक्या पटकन कसा काय हो म्हणाला, याचं शिट्टीबाईंना नवल वाटायला हवं होतं. पण जिंकणाऱ्या माणसाला नवल वाटत नाही.

रविवारी इमारतीच्या आवारात खडूनं रेघ मारली गेली. वरच्या पाण्याच्या टाकीची सावली सरकत सरकत फाटकाला टेकली की परीक्षा संपली, असं ठरलं. शिट्टीबाई पांढरे बूट घालून उतरल्या. शिस्तीप्रमाणे त्या सर्वांसमोर तांब्याभर पाणी प्यायल्या. उन्हात उभं राहण्याआधी पोटभर पाणी, हा त्यांचा जुना नियम. इस्त्रीआजीनं घोटभर पाण्यानं नुसते ओठ ओले केले.

"प्या हो, विहीणबाई. घेरी येईल," शिट्टीबाई म्हणाल्या.

"आमच्या दुकानाला मोरी नाही," इस्त्रीआजी म्हणाली. "दिवसभर असंच काढायची सवय आहे."

शिट्टीबाईंनी गळ्यातली शिट्टी काढून मुलाच्या हातात दिली. रांगेत उभं राहणाऱ्यानं शिट्टी कशी वाजवायची? मुलानं ती तळहातावर घेऊन जरा वेळ पाहिली आणि गळ्यात घातली. मग वाजवली. लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे अगदी हुबेहूब वाजली.

नातवंडं हौसेनं उभी राहिली आणि थोड्याच वेळात कंटाळून फाटकावर लोंबकळायला गेली. सून जिन्याच्या पायरीवर बसली. रेघेवर उरल्या दोघी, पुढे शिट्टीबाई आणि मागे इस्त्रीआजी.

आता एक गोष्ट शिट्टीबाईंनी जन्मात लक्षात घेतली नव्हती. त्यांनी हजारो पोरांना दगडासारखं उभं केलं, पण त्या स्वतः कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या रांगांमधून फिरायच्या, याची कॉलर, त्याचा खांदा, एवढ्यात पुढच्या टोकाला. एका जागी खिळून राहणं म्हणजे काय, हे त्यांच्या पोटऱ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मागे इस्त्रीआजी निवांत होती. ती भार कधी या पायावर घेई, कधी त्या. टेबलामागे जन्म गेला होता तिचा.

पोटऱ्यांचं निभावलं असतं. पण तांब्याभर पाणी आपल्या वाटेनं निघालं होतं.

शिट्टीबाईंनी आधी दुर्लक्ष केलं. मग गुडघे जुळवले. मग पाढे म्हणून पाहिले. सावली अंगणाच्या मधोमध येऊन बसली होती आणि हलायचं नाव घेईना.

"अहो," मागून इस्त्रीआजी तिच्या मते हळू आवाजात म्हणाली, "जायचंय का? जाऊन या. मी जागा धरते. खऱ्या रांगेत धरतातच की."

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. शिट्टीबाईंचे कान तापले. "मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, मुलाकडे न बघता, "मी जरा आत जाऊन येते रे."

मुलगा दोन पावलं पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "शिट्टी झाली की जा."

हे वाक्य त्या आवारात सगळ्यांना पाठ होतं. मुलगा लहान असताना शाळेत एका क्रीडादिनाला पाहुणे उशिरा आले होते. मैदानावर रांगा, आणि तिसरीच्या रांगेत त्यांचा स्वतःचा मुलगा, पांढऱ्या चड्डीत. त्यानं बोट वर करून विचारलं होतं, "बाई, एक नंबरला जाऊ?" आई म्हणायची नाही, हा शाळेतला नियम. आणि बाई म्हणाल्या होत्या, "शिट्टी झाली की जा." पाहुणे आले, त्यांचं भाषण झालं, आणि ते पोर ओल्या चड्डीत सगळ्या शाळेसमोर शेवटपर्यंत उभं राहिलं. ही गोष्ट लपवली असती तर एक वेळ विसरली गेली असती. पण शिट्टीबाई ती मिरवायच्या. "पोटच्या पोरालासुद्धा सूट दिली नाही," असं नातेवाइकांत सांगायच्या, शेजारणींना सांगायच्या. मुलाच्या लग्नात नव्या विहिणीला भर पंगतीत सांगितली होती. लोक हसले होते. नवरा मुलगाही हसला होता. आई सांगायची तेव्हा तो नेहमीच हसायचा, आणि शिट्टीबाईंना वाटायचं, त्यालाही अभिमान आहे.

"अरे, मी आता म्हातारी आहे," त्या म्हणाल्या.

"मी आठ वर्षांचा होतो," मुलगा म्हणाला.

सून पायरीवरून उठली. "अहो, जाऊ द्या त्यांना, काय हे?" पण त्यानं बायकोकडे पाहिलं नाही.

शिट्टीबाईंनी दात आवळले. आणखी थोडं थांबायचं, इतकंच. पण शरीराला कोणाची शिस्त कळते? त्यांनी पाठीवरची पिशवी टाकली आणि जिन्याखालच्या संडासाकडे अक्षरशः धावल्या. पांढऱ्या बुटांखाली खडूची रेघ पुसली गेली.

"बाद," मागून मुलाचा आवाज आला.

आत अंधार होता, वर एक झरोका होता. कडी लागते न लागते तोच बाहेर शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. विसर्जन. पोरं ओरडली, पावलं जिना चढून वर गेली, आणि मुलगा कोणाला तरी म्हणत होता, "मग ठरलं. इस्त्रीआजी येणार."

शिट्टीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी आधी सावली पाहिली. ती फाटकापासून अजून चांगली लांब होती. म्हणजे वेळ संपला नव्हताच. मुलाला शिट्टी केव्हाही वाजवता आली असती. त्यांचं रांग मोडणं एवढंच त्याला बघायचं होतं. त्यांना भयंकर राग आला, आणि रागाखाली दुसरं काहीतरी होतं ते रागापेक्षा वाईट होतं.

आवार रिकामं होतं. रेघेवर फक्त इस्त्रीआजी उभी होती, एक हात पुढे धरून.

"या," ती म्हणाली. "जागा धरलीय तुमची."

"शिट्टी झाली ना? मग उभ्या कशाला?"

"ठरलं होतं सावलीचं. सावली कुठं टेकलीय?"

"मला उपकार नकोत तुमचे."

"उपकार गेले उडत!" इस्त्रीआजी कडाडली. दुसऱ्या मजल्यावर आता दोन डोकी होती. "आम्ही गेल्यावर तुम्ही गल्लीभर सांगत सुटाल, रोडरोलर लबाडीनं गेली म्हणून. हो, माहितीये मला काय म्हणता ते. मला कोणाची लबाडी नको, माझ्या जावयाचीही नको. या, उभ्या राहा, आणि नीट हरा."

शिट्टीबाईंना तिचा इतका तिटकारा कधीच आला नव्हता. तरी त्या गेल्या, पिशवी उचलली आणि त्या हातापुढे आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. सावली फाटकाकडे सरकत राहिली. शेवटी टेकली. इस्त्रीआजीच्या पायाची पट्टी सुटली होती, पण ती हलली नव्हती. तिनं पिशवी उतरवली, कंबर दाबली आणि निघाली.

"कुंड्यांना पाणी घालाल ना?" जिन्याशी थांबून तिनं विचारलं.

शिट्टीबाई तशाच उभ्या होत्या. रांग शिट्टीनं मोडते, हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं, आणि मघाची शिट्टी खोटी होती. त्यांनी मान वर केली. मुलगा गॅलरीत कठड्याला टेकून खाली बघत होता. कधीपासून बघत होता कोण जाणे. पितळेची शिट्टी त्याच्याच गळ्यात होती.

शिट्टीबाईंचा हात आपोआप वर गेला, एक बोट ताठ.

"जाऊ?" त्यांनी विचारलं.

मुलानं शिट्टी मुठीत धरली. बराच वेळ धरली. मग तो वळला, आत गेला, आणि गॅलरीचं दार लागलं. शिट्टीबाईंनी हात खाली घेतला नाही.