दुसरं ताट

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, दुपारी तीन. कॉलेजचा हॉल, धारवाड. हजर: घरमालकाच्या भूमिकेत परशुराम. भाडेकरू तिघे. पेटीवर एक, पडद्याच्या दोरीवर एक. विंगेत वही घेऊन मी. पहिल्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीवर, आमचे मराठीचे सर.

एवढी नोंद माझ्या जुन्या वहीत आहे. पुढचं कुठल्याच वहीत नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही त्यातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय का? असेल तसं.

मी हुबळीच्या दुकानदार घरातली. याद्या करायची सवय घरातूनच आली. कॉलेजात सगळे मला ‘यादीअक्का’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं. नाटक आम्हीच रचलेलं — धारवाडातल्याच सप्तापुरातला एक कंजूष घरमालक आणि त्याच्याकडे खोली मागायला येणारी पोरं. तालमीत बघणारे जिथे हसतील तिथे मी समासात टिंब द्यायची. पहिल्या अंकात टिंबंच टिंबं. दुसऱ्या अंकात घरमालक एकटा जेवायला बसतो, तिथली तीन पानं मात्र कोरी. ती पानं मला दुखऱ्या दातासारखी छळायची. काहीतरी भरायला हवं होतं — पण काय?

परशुराम अळणावरजवळच्या खेड्यातला. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला पहिलाच. सरांनी त्याला सप्तापुरातल्या आपल्या घराची पुढची खोली राहायला दिली होती, भाडं न घेता. खोलीचं दार वेगळं, रस्त्याकडे उघडणारं. घरात त्याचा वावर नव्हता. हे मला तेव्हाही नीट माहीत होतं, ते लक्षात ठेवा.

त्या प्रवेशासाठी एक स्टीलचं ताट हवं होतं. मी सरांकडे मागायला गेले, भर दुपारी. पुढून कुणी दार उघडेना, म्हणून मागच्या अंगणातून गेले. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सर जेवायला बसले होते. समोर दुसरं ताट मांडलेलं. सरांची बायको वारून तेव्हा वर्ष होत आलं होतं. सर त्या ताटात भात वाढत होते. “साकु?” त्यांनी कानडीत विचारलं — बस झालं का, एवढंच. डाव हातात धरून थांबले. मग म्हणाले, “बरं, आणखी थोडाच,” आणि थोडा वाढला.

मी दोन पावलं मागे सरले आणि मग कडी वाजवली. त्यांनी फळीवरचं ताट काढून, पुसून, माझ्या हातात दिलं. “नाटक चांगलं करा हं,” म्हणाले.

परत येताना मला काय वाटलं असेल? वाईट वाटलं — असं लिहायला मला आवडलं असतं. मला वाटलं, तीन पानं भरली.

संध्याकाळच्या तालमीत सगळे हसून लोळले. परशुराम म्हणाला, “अक्का, कुठनं सुचलं ग तुला हे?” मी म्हटलं, “सुचलं.”

प्रयोगात त्याने कमाल केली. डाव हातात धरून तो इतका वेळ थांबला की हॉल त्या थांबण्यालाच हसायला लागला. दुसऱ्या ‘साकु?’ला शिट्ट्या. मी विंगेत टिंबं देत होते. मग मी पहिल्या रांगेकडे बघितलं. सर हसत होते — शेजारच्याला काही कळू नये म्हणून माणूस हसतो तसं. डोळे परशुरामवर. शेवटी त्यांनी टाळ्याही वाजवल्या. ते येणार हे मला माहीत नव्हतं का? बसण्याची यादी माझीच होती. ती खुर्ची मीच त्यांच्या नावाने राखली होती.

इथेच थांबले तर तुम्ही म्हणाल, वीस वर्षांची पोर होतीस. म्हणून थांबत नाही.

आठवड्याने मी ताट परत करायला गेले. सरांनी ते घेतलं, कुठे ठेवावं हे सुचत नसल्यासारखे हातात धरून उभे राहिले. म्हणाले, “परशुराम माझ्या घरात डोकावून बघत होता, हे मला ठाऊक नव्हतं ग.” मला बोलायला पुरेसा वेळ होता. मग मी म्हटलं, “पोरं अशीच असतात, सर.”

हे मी केलं. माझ्या चुकांच्या यादीत हे वर, प्रवेश लिहिला ते त्याच्या खाली.

दुसऱ्या दिवशी परशुराम कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटला. “सर खोली सोड म्हणाले. कारण सांगेनात. मी काय केलो ग, अक्का?” मी त्याला मळमड्डीतल्या रिकाम्या खोल्यांची यादी करून दिली. पाच पत्ते, सुवाच्य अक्षरात. तो ‘उपकार झाले’ म्हणाला. त्यातली एकही त्याला परवडणारी नव्हती, आणि ते मला लिहितानाच कळत होतं. महिनाभर तो अळणावरहून रेल्वेने ये-जा करत राहिला. मग येईनासा झाला. परीक्षेच्या हॉलमध्ये त्याचं बाक रिकामं होतं.

गेल्या वर्षी सर वारले. मी गेले. फाटकाबाहेर, चपला काढून, परशुराम उभा होता. केस पांढरे झालेत. अळणावरला लाकडाच्या वखारीत कामाला आहे. सरांच्या पुतण्याला तो सांगत होता, “मी सरांच्या पुढच्या खोलीत राहात होतो.” पुतण्याला ते माहीतही नव्हतं. मग मला बघून जवळ आला. “अक्का, सरांना एकदा विचारायचं होतं की ग. दोनदा येऊन फाटकापासनं परत गेलो.” मी विचारलं, “चहा घेणार का?”

त्याने चहा घेतला. फोन नंबर माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिला, आणि बसस्टॉपवर सोडू का म्हणून विचारलं.

सरांना आता सांगता येणार नाही. त्याला येईल. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हे, जावं लागेल. हुबळीहून फार लांबही नाही. दर रविवारी मी आठवड्याची यादी करते आणि तिच्यात ‘अळणावर — परशुराम’ असं लिहिते. या रविवारी लिहिलं होतं: गिरणी, विजेचं बिल, सासूबाईंची औषधं, अळणावर — परशुराम, गॅस. बाकीची चार कामं बुधवारपर्यंत झाली.