पडद्याखालचा संकासूर

महिपत हातखंब्याजवळच्या चिरेखाणीवर ट्रकमध्ये चिरे भरतो. पण गावोगावी लोक त्याला ओळखतात ते शिमग्यातल्या नमन-खेळातला संकासूर म्हणून. काळा झगा, उंच टोपी आणि तोंडभर मुखवटा चढवून तो सव्वीस वर्षं शिमग्यात लोकांच्या अंगणांत नाचला. मध्येच कुणाच्या मांडीवर बसायचा, म्हातारीची तंबाखू पळवायचा, पडवीत शिरून परसातून पुन्हा यायचा.

तीन वर्षांपूर्वी गावच्या नमन मंडळानं हे नमन शहरातल्या नाट्यगृहात करायचं ठरवलं. बसवायला रितेश आला. एकांकिका बसवणारा, मेहनती मुलगा. त्यानं स्टेजवर चिकटपट्टीनं नऊ चौकोन आखले. तीन पुढे, तीन मध्ये, तीन मागे.

"काका, प्रेक्षकांकडे तोंड केलं की तुमचा उजवा हात ती स्टेजची उजवी बाजू. तुम्ही मधल्या रांगेतल्या उजव्या चौकोनात नाचायचं. उजेड तिथंच पडणार."

"आणि लोकांत कधी उतरायचं?"

"उतरायचं नाही. चौकोनाबाहेर गेलात तर दिसणारच नाही तुम्ही."

मुखवट्याच्या भोकांतून पायाखालची पट्टी दिसत नसे, म्हणून महिपत पावलं मोजत नाचू लागला. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपायचे. माणसं कुठं बसलीत तेही कळायचं नाही.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. गवळण रंगात आली की महिपतनं उजव्या विंगेतून आत जायचं आणि मागच्या पडद्याआडून डावीकडे येऊन पुन्हा प्रवेश करायचा, असं ठरलं होतं. तालमीत त्यानं ते मुखवट्याशिवाय केलेलं. पडदा आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावेल एवढीच जागा होती. अर्ध्या वाटेत टोपी दोरीत अडकली. ती सोडवताना तो गरगर फिरला आणि डावं-उजवं हरवून बसला. एकीकडे गेला तर नेपथ्याची फळी आडवी आली, दुसरीकडे हाताला नुसत्या गुंतलेल्या दोऱ्या लागल्या. घामानं मुखवट्याच्या नाड्या आवळल्या. तेवढ्यात पलीकडे त्याचा चुलतभाऊ आत्माराम मृदुंगावर संकासुराला बोलावणारी थाप वाजवू लागला. संपली की पुन्हा पहिल्यापासून. महिपतनं हाक मारली, ती मृदुंगात बुडाली. शेवटी तो जमिनीवर आडवा झाला आणि पडद्याच्या खालून सरपटत गवळणींच्या पायांत निघाला.

नाट्यगृहात हशा उसळला. त्याला उठता येईना, तशा टाळ्याही पडल्या.

प्रयोगानंतर रितेशनं त्याला मिठी मारली. "काका, हीच एंट्री कायम ठेवायची."

"अरे, मी अडकलो होतो."

"म्हणून तर खरी वाटली."

"वाटली नाय. खरीच होती."

रितेश हसला. आत्मारामही हसला.

मग मंडळाला बोलावणी येऊ लागली. लोक पडद्याखालचा संकासूर बघायला येत. आता महिपत आत शिरला की रितेश मागच्या पडद्याआड दोन्ही बाजूंना फळ्या लावून घेतो, म्हणजे महिपतला खालून येण्यावाचून वाटच नाही. यंदाच्या शिमग्यात तर एका घरी अंगणातच चादर आडवी बांधून ठेवली होती. महिपत तिच्याखालूनही सरपटला.

खेडच्या प्रयोगाआधी त्यानं आत्मारामला गाठलं. "त्या पडद्यामागं माझा दम कोंडतो रे. थाप एवढी लांबवू नको."

"मग सोड की काम."

"मंडळाला बोलावतात ते त्याच्यावरच. सोडू कसा?"

"दोन आवर्तनं कमी वाजवीन."

त्या दिवशी त्यानं तसंच केलं. महिपत लवकर बाहेर आला, हशा थोडा कमी पडला. प्रयोगानंतर रितेश आत्मारामला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. महिपत लांबून बघत होता.

चिपळूणला दोन्ही आवर्तनं परत आली. महिपतनं भिंतीला पाठ लावून ती पूर्ण ऐकली, मग जमिनीवर आडवा झाला.