टॉवेलाखालचा तह

दानेश्वरीला झोपेतून उठवून फिनलंडची लोकसंख्या विचारली असती, तरी तिनं ती बिनचूक सांगितली असती. फिनलंड तिनं कधी पाहिला नव्हता आणि पाहायला मिळेल असंही काही दिसत नव्हतं. पण वयाच्या सोळाव्या वर्षी, एका दिवसापुरती, ती फिनलंड होती.

अक्कलकोट तालुक्यातल्या तिच्या गावात घरी कन्नड आणि शाळेत मराठी. अकरावीला ती सोलापुरात शिकायला आली, तेव्हा कॉलेजातल्या एका सरांनी पाच जणांना पुण्याला नेलं. तिथं अभिरूप राष्ट्रसभा भरायची. म्हणजे मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचं, जगातला एखादा खरा प्रश्न घ्यायचा आणि वाद घालून, समजावून, थोडं सोडून थोडं मिळवून त्यावर ठराव करायचा. चिठ्ठी उचलली तर दानेश्वरीच्या वाट्याला फिनलंड आला. बोलायला दीड मिनिट. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "फिनलंडला बोलायचं आहे," आणि अडीचशे जणांनी पेनं खाली ठेवली.

हातातलं काम थांबवून तिचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आई भाकरी थापता थापता ऐकायची, आप्पा वैरण टाकता टाकता. त्यांचं काही चुकत होतं असं नाही, घराची रीतच तशी. पण ते दीड मिनिट तिच्या अंगात कायमचं राहिलं.

पुढं कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला, लग्न झालं. नवरा विरुपाक्ष चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर होता. ती एका शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळायला लागली, कंत्राटावर. लग्नानंतर कधीतरी तिनं त्याला पुण्याची गोष्ट सांगितली होती. तेव्हापासून तो घरी आला की चपला काढता काढता विचारायचा, "काय फिनलंड, आज भाकरी का चपाती?" तीही म्हणायची, "ठराव मांडा, मग बघू."

सहा वर्षांपूर्वी तिनं शाळेतल्या मुलांसाठी तसलीच सभा सुरू केली. दर शनिवारी शाळा सुटली की लॅबमध्ये. नागरिकशास्त्र शिकवणारे धनाजी सर तेव्हा हसले होते. "मॅडम, ह्यांना ग्रामसेवक कोण आन् तलाठी कोण सांगता येईना, आन् तुमी त्यांना जिनिव्हाला घिऊन निघालात व्हय?" पण परवानगीच्या अर्जावर सही त्यांनीच केली. पोरं जमली. कुणी ब्राझील झालं, कुणी केनिया. दुसऱ्या वर्षी मैदान कुणी कधी वापरायचं यावरून सातवी आणि आठवीची हाणामारी झाली. तेव्हा याच पोरांनी दोन्ही वर्गांना समोरासमोर बसवून लेखी करार केला आणि तो नोटीस बोर्डावर लावला. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला आणि काढायला काही सांगितलं नाही.

जिल्ह्याची फेरी दर वर्षी व्हायची. पहिला येणारा एकच संघ पुण्याला जायचा आणि त्याच्याबरोबर त्याचा एक मार्गदर्शक. सभागृह तेच, दानेश्वरीचं. पाच वर्षं तिचा संघ दुसरा, तिसरा, एकदा तर सातवा आला. दर वर्षी ती निकालाच्या कागदावर आधी पुण्याची तारीख बघायची आणि मग आपल्या शाळेचं नाव शोधायची. तिला तिथं बोलायचं नव्हतं. मागच्या रांगेत बसायचं होतं, नुसतं. अठरा वर्षं झाली होती.

या वर्षी मात्र तिच्याकडे आरोही होती. नववीतली, बारीक, बोलायला लागली की थांबायची नाही अशी. तिचे आजोबा बसप्पा जनावरांच्या बाजारात दलाल. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर बाजारात हिंडायची आणि बैलाचे दात बघून वय सांगायची.

जिल्ह्याच्या फेरीला विषय आला नाईल नदीवरच्या धरणाचा. आरोहीला इथिओपिया मिळाला, धरण बांधणारा. इजिप्त आला नातेपुत्याच्या शाळेतल्या अभिमन्यूकडे. धरण किती वर्षांत भरायचं, एवढाच खरा वाद. इथिओपियाला लवकर भरायचं होतं, इजिप्तला सावकाश. दोन तास झाले तरी कुणी जागचं हललं नाही. आरोही म्हणाली चार वर्षं, अभिमन्यू म्हणाला बारा. एकदा माइकवर आकडा बोलून बसल्यावर माघार कशी घ्यायची, हे दोघांनाही कळेना. मागं बसलेली दानेश्वरी घड्याळाकडे बघत होती. ठराव नाही झाला तर दोन्ही संघांचे गुण जाणार होते.

चहाची सुट्टी झाली. दहा मिनिटांनी सगळे परत आत आले तेव्हा आरोही आणि अभिमन्यू एकदमच उभे राहिले.

"सात वर्षं," अभिमन्यू म्हणाला. "आमचं ठरलं."

"आणि दुष्काळ पडला तर त्या वर्षी भरणं थांबवायचं," आरोही म्हणाली.

सभागृहात टाळ्या पडल्या. दानेश्वरीनं घड्याळावरून नजर काढली. पुण्याची तारीख तिला पाठ होती.

टाळ्या थांबायच्या आत एक स्वयंसेवक व्यासपीठावर गेला आणि परीक्षकबाईंच्या कानाशी लागला. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी दोन्ही मुलांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना शेजारच्या खोलीत बोलावलं.

"बाहेर लिंबाखाली तुम्ही दोघं काय करत होतात?"

"वाटाघाटी," आरोही म्हणाली.

"टॉवेलाखाली हात घालून?"

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. आरोहीला त्या हसण्याचा अर्थच लागला नाही. ती उत्साहानं सांगू लागली, "बाई, बाजारात तसंच असतंय की. दलाल आन् गिऱ्हाईक टॉवेलाखाली हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात. आज्जा म्हणतो, उघड आकडा बोलला की माणूस अडून बसतो. टॉवेलाखाली मागं सरलं तर कुणाला दिसत न्हाय, मग कमीपणा वाटत न्हाय. ह्यालापण येत होतं. टॉवेल ह्याचाच हाय."

"आमच्याकडं पण बाजार भरतो," अभिमन्यू खाली मान घालून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. हसण्याचा अर्थ त्याला लागला होता.

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. "सगळा व्यवहार लेखी चिठ्ठीनं आणि अध्यक्षांमार्फत, असा नियम आहे. विद्यार्थ्यानं आपल्या मनानं मोडला तर संघ बाद. वर शाळेला पत्र जाईल, पालकांना बोलावलं जाईल." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मार्गदर्शकानं चुकीचं शिकवलं असेल तर मुलांना फक्त ताकीद. मार्गदर्शक मात्र वर्षभर बाहेर. हे कुणी शिकवलं?"

आरोहीच्या वडिलांना दानेश्वरी ओळखत होती. माणूस वाईट नव्हता, पण पत्रात टॉवेल, मुलगा आणि हात हे तीन शब्द एका ओळीत आले असते तर त्यानं पुढचं वाचलंच नसतं. आरोहीचे शनिवार संपले असते. कदाचित शाळाही.

पुणं तिच्यापासून हाताच्या अंतरावर होतं. एवढ्या जवळ ते अठरा वर्षांत आलं नव्हतं.

"मी शिकवलं," दानेश्वरी म्हणाली.

"मॅडम, तुमी कुटं—" आरोहीनं तोंड उघडलं.

"सुम्न कूड," दानेश्वरी कन्नडमधून हळूच म्हणाली, गप्प बस म्हणून.

नातेपुत्याचे सर क्षणभर चुळबुळले आणि म्हणाले, "मीपण." बाईंनी दोघांची नावं लिहून घेतली, मुलांना ताकीद दिली आणि तह कागदावर उतरवून सह्या करायला लावल्या. संध्याकाळी निकाल लागला. दानेश्वरीची शाळा पहिली आली होती.

परतताना रिक्षात आरोही पूर्ण वेळ बाहेर बघत बसली. शाळेच्या चौकात उतरता उतरता म्हणाली, "खोटं का बोललात?"

"मग काय सांगू? मला शिकवायला येत असतं तर शिकवलंच असतं की. मी बैलाच्या जवळसुद्धा जात नाही, शिंगाला भिते."

आरोही हसली आणि हसता हसताच रडली. दानेश्वरीनं तिचं दप्तर तिच्या खांद्यावर नीट अडकवून दिलं.

विरुपाक्षनं रात्री जेवताना सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यानं चेष्टा केली नाही. "पुढच्या वर्षी," एवढंच म्हणाला. दानेश्वरीनं मान हलवली. पुढच्या वर्षी आरोही दहावीला असणार होती आणि दहावीच्या मुलांना शाळा कुठंच पाठवत नव्हती. आणि तिचं कंत्राट जूनमध्ये संपत होतं. ते ताटावर बोलण्यासारखं नव्हतं.

पुण्याला धनाजी सर गेले. जाण्याआधी चार दिवस ते लॅबमध्ये येऊन बसले आणि वहीत लिहून घेत राहिले. "हरकत कधी घ्यायची? चिठ्ठी कुणाकडं द्यायची? आन् मी तिथं नुसता बसू का काय करू?"

"नुसतं बसा सर," ती म्हणाली. "मागच्या रांगेत बसा. तिथनं सगळं दिसतं."

सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

पुण्याच्या सभेच्या शनिवारी लॅबमध्ये आठवीच्या मुलांचा टायपिंगचा सराव होता. सकाळी अकराला फोन वाजला. धनाजी सर कुजबुजत होते. "मॅडम, आरोहीचा नंबर येतोय. मी फोन चालू ठेवून खिशात टाकतो. तुमी काय बोलू नका, ऐका नुसतं."

दानेश्वरीनं एका कानात इअरफोन घातला. आधी कापड घासल्याचा आवाज आला, मग सरांचा खोकला. मग लांबून, माइकमधून, कुणीतरी देशाचं नाव घेतलं आणि सगळं शांत झालं. मुलं कीबोर्ड बडवत होती. तिनं दुसरा कान हातानं झाकला. आरोहीचा आवाज यायला लागला, शब्द निम्मेच कळत होते. पण आवाज कुठंच अडत नव्हता.

मग टाळ्या, मग पुन्हा कापड घासलं.

"ऐकलंत का?" सर आता मोठ्यानं बोलत होते. "लई झ्याक बोलली ओ पोरगी! आता चहाची सुट्टी झाली. ठेवू फोन?"

"ठेवू नका."

"आता काय न्हाय मॅडम, नुसता गलका हाय. खुर्च्या सरकवायलेत, पोरं उठायलीत."

"असू दे सर," दानेश्वरी म्हणाली. "तसाच खिशात ठेवा."